कोऱ्या जागेत लिहिलेलं शून्य

धारच्या मुलींच्या शाळेत मी गणित शिकवायला लागले तेव्हा मला बाविसावं लागलं होतं, आणि आपलं गणित कधी चुकत नाही अशी माझी खात्री होती. ती अगदीच खोटी नव्हती. माझ्या हातून जे घडलं ते गणित चुकल्यामुळे घडलं नाही. बेरीज बरोबर होती, भागाकार बरोबर होता. तरी ते आठवलं की अजून माझी मान खाली जाते.

आम्ही देवासचे. पणजोबा दरबाराबरोबर दक्षिणेतून आले, आणि तेव्हापासून घरात प्रत्येक पिढीत कोणी ना कोणी दरबारच्या दप्तरात. माझ्या लहानपणी देवासात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि कुठे कुठे तर रस्त्याची ही बाजू एका राज्यात आणि समोरची दुसऱ्यात. मग विलीनीकरण झालं, दोन्ही पात्या गेल्या, आणि माझे वडील नव्या सरकारच्या कचेरीत कोपऱ्यातल्या एका टेबलावर जाऊन बसले. आयुष्यभर मराठीत लिहीत आलेला माणूस पन्नाशीत हिंदी टिपणं लिहायला शिकू लागला. त्या दिवसांत ते घरात फार बोलत नसत. फक्त मला गणितं घालताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा व्हायचा. "आकड्याला पाती नसते," ते म्हणायचे. "तो कोणाच्या बाजूचा नसतो." मला ते फार पटायचं.

त्यांच्याच हट्टामुळे मी इंदूरला कॉलेजात गेले. गणिताच्या वर्गात मी एकटी मुलगी. दाराजवळच्या बाकावर बसायचं, तास संपला की आधी निघायचं. मुलं हसायची ती मोठ्यानं नाही, पण हसायची. तिथे मला एक सवय लागली. उत्तर द्यायचं ते पुरं द्यायचं, स्वच्छ द्यायचं. कुठे खाडाखोड नको, कुठे 'येत नाही' नको. एकदा 'येत नाही' म्हटलं असतं तर ते माझ्या नावावर नाही, बायकांच्या नावावर मांडलं गेलं असतं, असं मला वाटायचं. ही सवय चांगली, असं मी बरीच वर्षं समजत होते.

धारला मावशीकडे राहत होते. काका कोर्टात कारकून होते. घराला मागे परसदार होतं आणि तिथे दर बाजाराच्या दिवशी एक भिलीण पत्रावळी घेऊन यायची. आमच्याकडे श्राद्धं, सोवळ्याचे स्वयंपाक, ब्राह्मणभोजनं चालत, त्यामुळे पत्रावळी फार लागत. ती डोंगराकडून, खाकऱ्याची, म्हणजे पळसाची, पानं टाचून, दोन्ही हातांत न मावणारे गठ्ठे डोक्यावर घेऊन, पहाटे निघून चालत यायची. माझ्याच वयाची असेल. मावशी तिला वरून पाणी घालायची, ती ओंजळीनं प्यायची आणि उंबऱ्याबाहेरच्या दगडावर बसून मला विचारायची, "बई, आज छोऱ्यांना काय शिकवलं?" ती माळवी बोलायची, मी मराठी-हिंदी मिसळून. आमचं चांगलं जमायचं. मी गणिताच्या वह्या तपासत बसले की ती माझ्या लाल शाईच्या खुणा बघत राहायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दिवस हेडमिस्ट्रेसबाईंनी मला बोलावलं. जिल्ह्याच्या डॉक्टरसाहेबांना आकडेमोडीसाठी माणूस हवं होतं. कचेरीतल्या कारकुनांना बेरजेच्या पलीकडे जायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी शाळेत विचारलं होतं.

डॉक्टरसाहेब ग्वाल्हेरकडचे मराठी, पन्नाशीचे, कृश आणि उतावळे. मी खोलीत शिरले तसं त्यांनी विचारलं, "बाई, दर शेकडा काढता येतं?"

"येतं."

"मग बसा. ऐका. या जिल्ह्याला बाळंतपणासाठी शिकलेली एक नर्स मिळते आहे. एकच. दोन खाटांची खोली आणि औषधांची पेटी. ती कुठे ठेवायची ते मला ठरवायचंय. तीन भागांतून अर्ज आलेत. प्रत्येक अर्जामागे कोणी ना कोणी आहे, कुठे वकील, कुठे जहागीरदार, कुठे देवस्थानाचे विश्वस्त. चौथा भाग डोंगराकडचा. तिथून अर्ज आलेला नाही, कारण तिथे अर्ज लिहिणारं कोणी नाही. तो मी माझ्याकडून धरला आहे."

"मग कसं ठरवायचं?"

"मला कोणाचं ऐकायचंच नाही," ते म्हणाले. "जिथे शंभर बाळंतपणांत जास्त बायका आणि पोरं जातात तिथे नर्स जाईल. हे तुमचे आकडे सांगतील. आकड्यांवर कोणाची चिठ्ठी चालत नाही."

मी घरी आले ती जवळजवळ धावतच. वर्गात मुलींना हौदाच्या तोट्या आणि गाड्यांचे वेग शिकवणारं गणित एवढं मोठं काम करू शकतं, आणि ते माझ्या हातून होणार, याचा मला इतका आनंद झाला की रात्री जेवताना मी काकांना दोनदा तेच सांगितलं.

कामाची जागा म्हणजे कचेरीच्या मागची एक लांबट खोली. खिडकीला वाळ्याचा पडदा, कोपऱ्यात माठ, आणि चौकीदारांच्या जन्ममृत्यूच्या वह्यांचे ढीग. रिवाज असा होता की गावच्या चौकीदारानं ठरल्या दिवशी ठाण्यात जायचं आणि गावात कोण जन्मलं, कोण गेलं हे तोंडी सांगायचं; तिथला मुन्शी ते वहीत उतरवी. त्या वह्यांवरून मी भागवार तक्ता करायचा. माझ्यावर देखरेखीला बडे बाबू होते, धोतर-कोटातले, उत्तरेकडचे, तोंडात सदैव सुपारी. मला ते बिटिया म्हणायचे आणि खरोखर मायेनं वागायचे.

सपाटीकडच्या तीन भागांच्या वह्या भरलेल्या होत्या. त्यातल्या एका भागाच्या तर फारच नीटस. तिथला मुन्शी काटेकोर असावा, मेलेल्या पोराचं वय दिवसांत लिहिलेलं. डोंगराकडची वही उघडली आणि मी थांबले. होळीच्या सुमाराचे थोडे जन्म लिहिलेले होते. त्यानंतर पानंच्या पानं कोरी. मृत्यूच्या रकान्यात वर्षभरात एक अक्षर नाही.

मी वही बडे बाबूंकडे नेली. "बाबूजी, हे कोरं आहे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "चौकीदार आया नहीं होगा. ठाना दूर है, बीच में नाले हैं, बरसात में कौन आता है?"

"मग मी काय लिहू?"

"शून्य लिख दो, बिटिया. जोड़ तो बैठना चाहिए."

मी परत जागेवर येऊन बसले. आठवीच्या मुलींना मीच शिकवत असे की शून्य हा आकडा आहे. मोजून पाहिलं आणि काही नव्हतं, म्हणजे शून्य. मोजलंच नाही, तर ते शून्य नव्हे, ते काहीच नव्हे. फळ्यावर मी एकीकडे शून्य काढायची आणि दुसरीकडे रिकामा चौकोन, आणि विचारायची, यांत फरक काय? चुकणाऱ्या मुलीला उभं करायची.

त्या दिवशी मी ती जागा तशीच ठेवली. उद्या डॉक्टरसाहेबांना विचारू म्हटलं.

दुसरा दिवस बाजाराचा. भिलीण नेहमीपेक्षा उशिरा आली आणि पत्रावळी कमी होत्या. तिला स्वतःला दिवस गेलेले होते, पाचवा महिना असावा. दगडावर बसून तिनं पाणी मागितलं नाही.

"काय गं?" मी विचारलं.

"नणंद गेली," ती म्हणाली. "चार दिवस अडली होती. मूल आडवं होतं. चौथ्या दिवशी दोघं गेली."

मावशी आतून "अरे रामा" म्हणाली. मी विचारलं, आणि का विचारलं ते मला पक्कं माहीत होतं, "चौकीदाराला सांगितलं का?"

तिनं माझ्याकडे नवल करून पाहिलं. "त्याला काय सांगायचं? तो काय करणार आता?" मग बोटं दुमडत म्हणाली, "मागल्या पावसापासून आमच्या फळियातली ही तिसरी." फळिया म्हणजे त्यांची वस्ती, टेकडीवर सुटी सुटी पडलेली पंधरा-वीस घरं.

म्हणजे मला माहीत झालं. इथून पुढे जे मी केलं ते माहीत असताना केलं. हे इतकं स्पष्ट लिहिते आहे, कारण पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत होते की मला नीट कळलं नव्हतं.

मी कचेरीत गेले. डॉक्टरसाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी तक्ता घेऊन इंदूरला निघणार होते. त्यांनी जाता जाता डोकावून विचारलं, "झालं का, बाई? आज संध्याकाळी मला हवंय." तेव्हा म्हणता आलं असतं. एक वाक्य पुरे होतं: साहेब, डोंगराकडचे आकडे आपल्याकडे नाहीत. पण माझ्यासमोर तीन रकाने सुंदर भरलेले होते, आणि चौथा रिकामा ठेवला तर तक्ता अर्धवट दिसणार होता. मुलीला काम दिलं आणि पुरं झालं नाही, असं कोणी म्हणेल असं मला वाटलं. बडे बाबू तर समोरच होते. आणि मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती सांगायला जास्त लाज वाटते. पत्रावळीवालीनं परसदारात सांगितलेली गोष्ट मला आकडा वाटली नाही. वहीतलं ते खरं, आणि दगडावर बसलेल्या बाईनं बोटांवर मोजलेलं ते नुसतं बोलणं, असं माझ्या शिकलेल्या डोक्यानं धरलं.

"होतंय, साहेब," मी म्हणाले.

मी शून्य लिहिलं. एक नाही, बारा महिन्यांची खाली ओळीनं बारा. जन्म थोडे होते, मृत्यू शून्य; भागाकार केला, उत्तर शून्य आलं. चारही भागांत डोंगराकडचा भाग सर्वांत निरोगी ठरला. संध्याकाळी डॉक्टरसाहेबांनी तक्ता वाचला, डोंगराच्या रकान्यापाशी जरा थांबले, आणि म्हणाले, "कमाल आहे. हवा चांगली असणार तिथली." त्यांनी ते शेऱ्यातही लिहिलं. मी हसले. ते हसू मला आठवतं.

नर्स सपाटीकडच्या त्या काटेकोर मुन्शीच्या भागात गेली. जहागीरदार आणि वकील दोघंही चडफडले, कारण त्यांचे भाग मागे पडले होते. डॉक्टरसाहेब खूष झाले. त्यांनी शाळेला पत्र पाठवलं. ते प्रार्थनेच्या वेळी सगळ्या मुलींपुढे वाचलं गेलं, आणि जूनपासून मला वरच्या वर्गांचं गणित मिळालं. देवासला वडिलांनी त्या पत्राची नक्कल मागवून घेतली, आल्यागेल्याला दाखवली. आईनं लिहिलं की कित्येक महिन्यांनी ते मोकळे हसले.

पाऊस सुरू झाला तशी भिलीण यायची बंद झाली. पावसात तिची वाट नाल्यांतून होती, त्यामुळे मावशीला नवल वाटलं नाही. मला मात्र प्रत्येक बाजाराच्या दिवशी परसदारात डोकावायची सवय लागली. दसऱ्याला पत्रावळी घेऊन दुसरीच कोणी म्हातारी आली. मी विचारलं तर म्हणाली, "पडली आहे ती." आणखी काही सांगेना.

ती आली ती दिवाळी होऊन बरेच दिवस झाल्यावर. गालफडं बसलेली, चालताना एक पाय ओढत होती. दगडावर बसली आणि मावशीनं विचारण्याआधीच सांगून टाकलं. तीन दिवस अडली होती. मग सासऱ्यानं खाट उलटी करून दोरानं बांधली, फळियातल्या गड्यांनी पाळीपाळीनं खांद्यावर घेतली आणि धारच्या दवाखान्याकडे निघाले. नाल्याला पाणी होतं. उतार पडेपर्यंत काठावर थांबले, आणि तिथेच मूल झालं. मेलेलं.

"मग?" मावशीनं विचारलं.

"मग काय? तिथूनच परत फिरलो. आता धारला जाऊन काय करायचं होतं?"

तिच्या बोलण्यात कोणावर राग नव्हता. जशी थंडी पडते, तसं हे झालं होतं. मावशीनं आतून एक जुनं लुगडं आणून दिलं, तिनं ते उलगडून पाहिलं, घडी पुन्हा नीट घातली. मग माझ्याकडे वळून तिनं नेहमीचंच विचारलं, "बई, आज छोऱ्यांना काय शिकवलं?"

माझ्याच्यानं तिथे उभं राहवेना. मी आत जाऊन तांब्याभांडी उगाच हलवत राहिले.

त्यानंतर पंधरा दिवस मी नीट शिकवू शकले नाही. मनाशी वाद घालत असे. नर्स तिकडे गेली असती तरी ही वाचली असती कशावरून? त्या भागात एकच खोली; तीही कुठल्या गावात असती कोण जाणे. हे सगळं खरं होतं. पण प्रत्येक वेळी शेवटी माझ्यापुढे ती ओळ यायची, खालीखाली लिहिलेली बारा शून्यं, माझ्याच वळणदार अक्षरात. अखेर एका रविवारी मी डॉक्टरसाहेबांच्या बंगल्यावर गेले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं.

त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. संपल्यावर फक्त विचारलं, "हे तुम्हाला मागाहून कळलं, की तेव्हाच माहीत होतं?"

मी खोटं बोलू शकले असते. ओठांवर आलंही होतं.

"तेव्हाच माहीत होतं."

ते ओरडतील म्हणून मी तयारी करून गेले होते. ते ओरडले नाहीत आणि त्याचंच मला ओझं झालं. "मी तुम्हाला बोलावलं ते चिठ्ठ्यांपासून वाचायला," ते सावकाश म्हणाले. "जहागीरदाराची चिठ्ठी मला ओळखू आली असती. तुमचा तक्ता नाही आला." मग स्वतःशीच म्हणावं तसं, "आणि मी लिहिलं, हवा चांगली आहे. वर्षभरात एकही मूल मेलं नाही असा मुलूख मी कुठे पाहिला होता?"

"नर्सला तिकडे हलवता येईल का?"

"नाही. आणि हलवणारही नाही. जिथे आहे तिथेही बायका मरत होत्या, आता कमी मरताहेत. त्यांच्याकडून काढून घ्यायची का?" ते उठले. "दुसरी मागावी लागेल. आणि ती मागायला आकडे लागतील. पुन्हा मोजा, बाई. आता वहीतून नाही."

पुढच्या उन्हाळ्यात मी गेले. मावशी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. कुमारी मुलगी भिलांच्या मुलखात फिरणार, हे देवासला कळलं तर काय, अशी तिची काळजी. डॉक्टरसाहेबांनी देवी टोचणारा एक म्हातारा कर्मचारी आणि बैलगाडी दिली. गाडी डोंगराच्या पायथ्यापर्यंत, पुढे पायी. वाट दाखवायला आणि बोलायला ती पत्रावळीवाली आली. मीच तिला विचारलं होतं. तिनं एवढंच म्हटलं होतं, "माझ्या नणंदेचं लिहिशील ना?"

पहिल्या दिवशी मी माझा आखलेला कागद घेऊन एका अंगणात बसले आणि विचारलं, "तुम्हाला मुलं किती?" बाई म्हणाली, "तीन." मी तीन लिहिलं, मेलेल्यांच्या रकान्यात काही नाही लिहिलं आणि उठले. वाटेत सोबतीण म्हणाली, "बई, तू चुकीचं विचारतेस."

"का?"

"मुलं किती, विचारलं की ती जिवंत सांगणार. मेलेलं पोर कोण मोजतं? बारशाआधी गेलं त्याला तर नावच नाही. असं विचार, किती वेळा बाळंत झालीस?"

आम्ही परत त्याच अंगणात गेलो. या वेळी तिनं तिच्या बोलीत विचारलं. बाईनं डोकं खाली घातलं, आणि बोटं मोजू लागली. तीन नव्हे, सहा.

मला कॉलेजात कोणी हे शिकवलं नव्हतं. त्या महिन्यात मी गणितातलं जे शिकले ते त्या बाईकडून शिकले. तारखा विचारल्या की सगळे गप्प बसत. मग आम्ही होळीच्या भगोरिया जत्रेच्या आधी की नंतर, मोहाची फुलं पडत होती की मका उभा होता, असं विचारू लागलो, आणि बायका धडाधड सांगू लागल्या. सासू समोर असली की सुना बोलत नाहीत, म्हणून ती सासूला घेऊन जाऊन पानं टाचत बसायची आणि मला खुणेनं सांगायची, आता विचार. एखादं घर बंद दिसलं की मी पुढे चालायला लागायची, ती थांबायची. शेजारी विचारायची. दोनदा असं झालं की घर बंद होतं ते घरातली बाई बाळंतपणात गेली आणि नवरा पोरांना घेऊन कुठे निघून गेला म्हणून. मी एकटी असते तर ती दोन्ही घरं पुन्हा कोरीच राहिली असती.

तक्त्यात मी एक रकाना जास्तीचा आखला होता. माझा पहिला तक्ता गेल्यानंतर, आतापर्यंत, किती बायका गेल्या. कोणी सांगितलं नव्हतं तसं करायला. त्या रकान्याची बेरीज मी एकदाच केली, एका झाडाखाली बसून. तो आकडा कागदात गेला, पण तोंडानं मी तो आजवर कोणाला सांगितला नाही, आणि इथेही लिहीत नाही. त्यातल्या किती बायका नर्स असती तर वाचल्या असत्या, हे कुठलंही गणित सांगू शकत नाही. म्हणून मला त्यातली एकही वजा करता येत नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही उतरत होतो. उन्हं कलली होती, म्हातारा टोचणीवाला बराच पुढे गेला होता. ती म्हणाली, "आता दाखव. माझी नणंद कुठे लिहिलीस?"

मी कागद उघडला आणि एक उभी रेघ दाखवली. इतर रेघांमधली एक. तिनं तिच्यावर बोट ठेवलं.

"एवढीशीच?"

मी कागद तिच्या हातात दिला. मग ती म्हणाली, "पण हे सरकारात जाईल. आधी कोणी लिहिलंच नव्हतं ना?"

तिथे मी गप्प बसले असते तर ती मला चांगली समजत राहिली असती. मला ते सोसलं नाही.

"आधी मीच लिहिलं होतं," मी म्हणाले. "गेल्या वर्षी. मी शून्य लिहिलं."

"शून्य म्हणजे?"

"म्हणजे तुमच्याकडे कोणी मेलं नाही."

ती थांबली. डोक्यावर काही नव्हतं तरी तिनं एक हात डोक्याशी नेला, गठ्ठा सावरतात तसा. "मी तुला सांगितलं त्याच्या आधी, की नंतर?"

"नंतर."

"म्हणजे तुला माहीत होतं, बई."

"हो."

ती मला शिव्या देईल किंवा रडेल असं वाटलं. तिनं दोन्ही केलं नाही. कागद माझ्या हातात परत दिला, आणि पुढे चालू लागली. गाडीपर्यंत ती माझ्या चार पावलं पुढेच राहिली. गाडी निघाली तेव्हा ती वळून टेकडी चढायला लागली होती.

डॉक्टरसाहेबांनी दुसरा तक्ता स्वतःच्या शेऱ्यासह पाठवला. त्यात त्यांनी लिहिलं की पहिल्या वर्षीची शून्यं ही कोऱ्या जागेवरची होती, आणि ती चूक कचेरीची होती. माझं नाव घातलं नाही. मी त्यांना म्हटलं, घाला. ते म्हणाले, "नाव घालून तुमचं मन हलकं होईल. नर्स लवकर येणार नाही." वर्षभरानं त्यांची बदली झाली. त्यानंतरही बरेच महिने गेले, आणि मग डोंगराकडच्या बाजाराच्या गावी कुडाच्या भिंतींच्या एका खोलीत दुसरी नर्स आली. आठवड्यातले तीनच दिवस. सुरुवातीला तिच्याकडे कोणी फिरकेना. पत्रावळीवालीच तिथे जाऊन बसू लागली, नर्सचं बोलणं बायकांना आणि बायकांचं नर्सला सांगू लागली. पुढे तिलाच मदतनीस म्हणून ठेवलं.

मावशीकडे ती अधूनमधून येत राहिली. गठ्ठे मावशीच्या हाती द्यायची. मी दिसले तर मान हलवायची, पण दगडावर पुन्हा बसली नाही, आणि छोऱ्यांना काय शिकवलं हे तिनं मला परत कधीच विचारलं नाही.

पन्नासचं दशक संपता संपता वडील आजारी पडले आणि मी देवासच्या शाळेत बदली मागून घेतली. ती लगेच मिळाली. माझ्या कागदांत पहिल्या तक्त्याबद्दलचं ते कौतुकाचं पत्र होतंच, आणि ते काढून टाका असं मी कधी म्हटलं नाही. धार सोडण्याआधी मी मुद्दाम बसनं त्या डोंगराकडच्या गावी गेले. तिला भेटून काय म्हणायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. खोलीबाहेर तीन दगडांच्या चुलीवर पाणी उकळत होतं. आतून कोणा बाईचं कण्हणं ऐकू येत होतं. ती फडक्यानं पातेलं धरून उचलत होती, तेवढ्यात तिनं मला पाहिलं. तिशीतच केस कानाशी पांढरे झाले होते.

"मी देवासला चालले," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. "आज नको, बई. आत बाई अडली आहे."

आणि ती पाणी घेऊन आत गेली. मी झाडाखाली बसून राहिले. नर्सचा आवाज यायचा, मग तिचा, मग पुन्हा कण्हणं. परतीची बस एकच होती. कंडक्टर हाका मारू लागला तोवर दार उघडलं नव्हतं, आणि मला निघावं लागलं.